देण्यांचं पान

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. भाऊबीज झाली, मुलगी सासरी गेली, घर शांत झालं. त्या रात्री मी आणि पत्नी जेवणाच्या टेबलाशी लांब वही घेऊन बसलो आणि लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच घरातल्या पैशांची पूर्ण यादी केली. पेन्शन, पोस्टातल्या ठेवी, बँकांची खाती, पीपीएफ, पॉलिसी, सोनं, पुतण्याला दिलेले उसने पैसे. एकेक पान भरत गेलं. शेवटच्या पानावर तिनं वर लिहिलं, 'देणी'. घराचं कर्ज केव्हाच फिटलंय, दुकानात उधारी नाही. ती म्हणाली, "हे पान कोरंच राहणार." मी 'हो' म्हणालो आणि वही मिटली.

मला झोप लागली नाही. ते पान कोरं नाही, हे मला चौदा वर्षं माहीत होतं.

पहाटे फाटक उघडायला बाहेर गेलो. आमच्या अंगणाचं लोखंडी फाटक माझ्या मित्रानं केलेलं. १९९९ साली घर बांधलं तेव्हा त्यानं लोखंडाचे तेवढे पैसे घेतले, मजुरीचा एक रुपया घेतला नाही. मधोमध वळवलेल्या सळ्यांचं कमळ आहे. त्यातली एक पाकळी थोडी वाकडी आहे. ती सरळ करून देतो म्हणाला होता, ते राहूनच गेलं. त्या पाकळीवर हात ठेवून मी ठरवलं की हे आता लिहून काढायचं.

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवलं. २००१ साली घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणं यांचा मेळ बसेना, तेव्हा मी विम्याची एजन्सी घ्यायचं ठरवलं. नोकरीच्या नियमात मला असा जोडधंदा करता येत नव्हता, म्हणून परवाना पत्नीच्या नावावर काढला. त्या वेळी १०० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा असे. प्रशिक्षण तिनं घेतलं, परीक्षा तिनं दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. त्यानंतर तिच्या वाट्याला फक्त सह्या आल्या. गिऱ्हाईक मी बघायचो, फॉर्म मी भरायचो, कमिशन तिच्या खात्यावर यायचं आणि ते कुठं खर्च करायचं ते मी ठरवायचो. या पहिल्याच पायरीवर एक खोटेपणा होता. सगळेच करतात म्हणून मला तो कधी बोचला नाही.

मित्राचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. ग्रिल, फाटकं, गोठ्यांचे पत्राशेड. पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, दोन हातांवर चाललेलं घर. बायको, अकरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी. २००४ साली तो ३६ वर्षांचा होता. मी त्याला २० वर्षांची, मुदतीअंती पैसे परत मिळणारी एंडोमेंट पॉलिसी दिली. विमा रक्कम ३ लाख, हप्ता वर्षाला १५ हजार. तो म्हणाला, "मास्तर, मला ह्यातलं काय कळत नाय. तुम्ही बोट ठेवाल तिथं सही करतो." मी बोट ठेवत गेलो, तो सही करत गेला.

गणिताच्या शिक्षकानं तेव्हा करायला हवं होतं ते गणित सातवीच्या मुलाला जमावं इतकं सोपं होतं. त्याच्या घरी महिन्याला ९ हजार रुपये लागत. वर्षाचे झाले १ लाख ८ हजार. तो नसला तर एवढं व्याज देणारी रक्कम बँकेत हवी. ६ टक्के धरले तर १८ लाख. त्यात दोन मुलांची शिक्षणं नाहीत, महागाई नाही, कर्ज नाही. म्हणजे त्या घराला निदान २० लाखांचं छत्र हवं होतं आणि मी ३ लाखांचं दिलं. शुद्ध मुदतीचा विमा, ज्याला आता सगळे टर्म प्लॅन म्हणतात, तो तेव्हाही बाजारात होता. निम्म्याहून कमी हप्त्यात त्याला १५ लाखांचं संरक्षण मिळालं असतं आणि उरलेले पैसे दरवर्षी पीपीएफमध्ये टाकता आले असते.

पत्नीनं त्या वेळी विचारलंही होतं. फॉर्मवर सही करताना ती म्हणाली, "अहो, त्यांना टर्म का नाही सांगत? आम्हाला क्लासमध्ये सांगितलं होतं, कमावत्या माणसानं आधी तो घ्यावा." मी उत्तर दिलं, "जिवंत राहिला तर त्यात एक पैसा परत मिळत नाही. असला विमा कोण घेतो?"

हे उत्तर खरं होतं. लोकांना हप्ता फुकट जाणं सोसत नाही, आणि आपण नसण्याविषयी बोलणं आपल्याकडे अभद्र मानतात. पण माझ्या मनात त्याच्याखाली दुसरं उत्तर होतं. एंडोमेंट पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावर २५ टक्के कमिशन होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के, पुढे ५ टक्के. हप्ता मोठा तर कमिशन मोठं. टर्मचा हप्ता लहान, त्यात एजंटाच्या हाती फारसं काही लागत नाही. मी मित्राची भीती आणि माझी गरज यांची सांगड घातली आणि त्या सांगडीला त्याच्या भल्याचं नाव दिलं.

त्या फॉर्ममध्ये आणखी एक गोष्ट झाली. तंबाखू खाता का, असा प्रश्न होता. मित्र दिवसातून आठ-दहा वेळा तंबाखू मळायचा. फॉर्म भरतानाही त्याच्या तळहातावर चुना होता. मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं, कारण 'हो' लिहिलं तर तपासण्या लागतील, काम लांबेल, कदाचित हप्ता वाढेल. त्याला विचारलंसुद्धा नाही. विम्याचा सगळा व्यवहार परम विश्वासावर उभा असतो, असं पत्नीच्या क्लासच्या पुस्तकात पहिल्या धड्यात होतं. घेणाऱ्यानं काही लपवायचं नाही आणि देणाऱ्यानंही नाही. मी एकाच टेबलावर, एकाच बैठकीत, दोन्ही बाजूंनी तो विश्वास मोडला. कंपनीपासून त्याचा तंबाखू लपवला आणि त्याच्यापासून त्याला खरा उपयोगी असलेला विमा लपवला.

जानेवारी २०११ मध्ये वर्कशॉपमध्येच त्याला हृदयविकाराचा झटका आला. साताऱ्याला नेईपर्यंत तो गेला. वय ४३.

दिवस झाल्यावर मी क्लेमचे कागद गोळा करायला लागलो. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, डॉक्टरांचं पत्र. त्या काळात मला रात्र रात्र झोप नव्हती आणि लोकांना वाटे, मास्तरांना मित्राचं दुःख सहन होत नाही. दुःख होतंच. पण झोप उडाली होती ती तंबाखूच्या रकान्यामुळे. तेव्हाच्या कायद्यात दोन वर्षांनंतर सहसा पॉलिसीवर बोट ठेवता येत नसे, पण जाणूनबुजून लपवाछपवी झाल्याचं सिद्ध झालं तर त्यानंतरही दावा नाकारता येत होता. आता २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं पूर्ण झालेल्या आयुर्विमा पॉलिसीला कोणत्याही कारणानं आव्हान देता येत नाही. पण पहिल्या तीन वर्षांत खोट्या उत्तराची किंमत घरच्यांना मोजावी लागू शकते. सात हप्ते भरून झाले होते म्हणून आमचा क्लेम विनाचौकशी पास झाला. तो दुसऱ्याच वर्षी गेला असता तर? माझ्या एका 'नाही'नं त्या मुलांच्या ताटातला घास गेला असता, आणि मी तेव्हाही 'कंपन्या अशाच' असं म्हणून मोकळा झालो असतो, याची मला खात्री आहे. माझा मला तेवढा परिचय आहे.

बोनस धरून रक्कम आली ३ लाख ९४ हजार. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करण्याआधी वहिनींनी, मित्राच्या पत्नीनं, तो आकडा दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, एवढंच का हो?"

आवाजात तक्रार नव्हती. नवरा सात वर्षं १५-१५ हजार भरत होता, एवढंच त्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "बोनस धरून आहेत, वहिनी." एवढं बोलून मी त्यांना सहीची जागा दाखवली.

खरं देणं त्यानंतर झालं. मित्रानं २००८ साली पाइप वाकवायच्या मशीनसाठी गावातल्या पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. त्याच्या मृत्यूच्या वेळी २ लाख २० हजार बाकी होते. त्या कर्जाला दोन जामीनदार होते आणि त्यातला एक मी होतो. थकबाकी झाली तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते, हे मी शाळेत दोन सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. क्लेमचा चेक जमा झाला त्याच आठवड्यात मी वहिनींना सांगितलं, "आधी सोसायटीचं कर्ज मिटवून टाका. डोक्यावरचं ओझं जाईल. त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल." त्यांनी ऐकलं. हातात राहिले १ लाख ७४ हजार. त्यावर पुढची दोन वर्षं निघाली. मग त्यांनी घरी खानावळीचे डबे सुरू केले. मुलानं बारावीनंतर डिप्लोमाला घेतलेला प्रवेश सोडला आणि वर्कशॉप उघडलं.

कर्ज फेडायला सांगणं चूक नव्हतं. कर्ज खरं होतं. चूक ही की मी त्या कर्जाला जामीन आहे, हे त्यांना सांगितलं नाही. हप्ते वाढवून घेता येतील का, व्याजात सूट मिळेल का, दोघे जामीनदार मिळून काही भार उचलू शकतील का, यातलं काही मी विचारायला गेलो नाही. माझा पगार वाचवायचा सल्ला मी गेलेल्या मित्राच्या आत्म्याचं नाव पुढे करून दिला. चौदा वर्षांत हे वाक्य मी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण उच्चारलं नव्हतं.

आणि एक कागद असता तर हा प्रश्नच आला नसता. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा १८७४ सालचा कायदा आहे. त्याच्या सहाव्या कलमाखाली नवऱ्यानं स्वतःच्या आयुष्यावरची पॉलिसी बायको-मुलांच्या हितासाठी म्हणून घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी राखलेला विश्वस्त निधी होते. नवऱ्याच्या सावकाराला तिच्यावर हात टाकता येत नाही. त्यासाठी पॉलिसी घेतानाच एक जादा फॉर्म भरावा लागतो. त्याला जादा हप्ता नसतो. धंदा करणाऱ्या, कर्ज काढणाऱ्या माणसासाठी तर तो फॉर्म फार मोलाचा. तो माझ्या बॅगेत होता. भरायला दहा मिनिटं लागतात आणि समजावून सांगायला वीस. तो अर्धा तास मी मित्रासाठी काढला नाही.

पुढच्याच वर्षी मी एजन्सी बंद केली. लोकांना सांगितलं, शाळेचं काम वाढलंय. हेही खोटं.

मनाला समजवायची वाक्यं माझ्याकडे खूप होती. काहीच नसण्यापेक्षा ३ लाख ९४ हजार तरी मिळाले ना? माझ्यामुळेच तर त्यानं विमा काढला. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. त्याच्या वर्षाकाठच्या १५ हजारांत जे मिळू शकत होतं आणि जे मिळालं, यातला फरक माझ्यामुळे पडला. दुसरं वाक्य, तेव्हा सगळेच एजंट असंच करत होते. पण सगळ्यांच्या अंगणाला त्यानं मजुरी न घेता फाटक करून दिलं नव्हतं.

आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं त्याची घोषणा १९ जानेवारी १९५६ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून केली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, कडक शिस्तीचा माणूस. २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र करून त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. त्यामागचं एक मोठं कारण असं की, लोकांनी घामाचा पैसा ज्यांच्या हाती दिला त्यांच्यापैकी अनेकांना आपण विश्वस्त आहोत याचा विसर पडला होता. हा इतिहास मी शाळेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवत असे. विश्वस्तपण मोठ्या कंपन्यांच्या मालकांचं असतं, असं मला वाटायचं. ते फॉर्मवर बोट ठेवणाऱ्या माणसापासून सुरू होतं, हे फार उशिरा कळलं.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायची वेळ माझ्यावर २०२२ मध्ये आली. निवृत्तीनंतर एका तरुण मुलाकडून आम्ही दोघांसाठी ३ लाखांचा आरोग्य विमा घेतला होता. "सगळं बिल मिळतं, सर," असं तो म्हणाला आणि मी तेवढ्यावर सही केली. पत्नीच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचं बिल झालं १ लाख ८० हजार. पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा होती, म्हणजे दिवसाला ३ हजार. आम्ही घेतली ६ हजारांची खोली. मला वाटलं, चार दिवसांचे वरचे १२ हजार आपण भरू. तसं नसतं. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात निम्म्यावर आलं. औषधं आणि तपासण्या तेवढ्या पूर्ण मिळाल्या. एकूण ६० हजार खिशातून गेले. सगळं पॉलिसीत लिहिलेलं होतं, सातव्या पानावर. बिलाच्या खिडकीशी उभा असताना मला त्या तरुणाचा राग आला नाही. त्याच्या तोंडी मला माझाच आवाज ऐकू आला.

म्हणून गेल्या दिवाळीत लांब वही काढली. आणि वही काढल्यावर कळलं की वहिनींना जे भोगावं लागलं त्याची सगळी तयारी मी माझ्याही घरात करून ठेवली होती. मित्राची येणी एका खिशातल्या डायरीत होती, नुसती टोपणनावं आणि आकडे. कोण किती देणं लागतो हे त्याच्याबरोबरच गेलं आणि निम्मी येणी बुडाली. माझ्या घरीही कुठल्या बँकेत काय आहे हे मला एकट्यालाच माहीत होतं. ज्या बाईनं विम्याची परीक्षा दिली होती तिला आपल्या घरातल्या पॉलिसींची संख्या सांगता आली नाही. आठ होत्या. आठही मीच काढलेल्या, आणि नोकरीच्या भरात असताना त्या सगळ्यांची मिळून विमा रक्कम माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढीही नव्हती. पीपीएफवर नॉमिनी म्हणून माझ्या आईचं नाव होतं. आई २००९ मध्ये गेली.

पत्नीनं त्या रात्री एकही टोमणा मारला नाही. तिनं कामं वाटून घेतली. नॉमिनेशन बदलायचे फॉर्म तिनं आणले. पतसंस्थेत जास्त व्याजासाठी ठेवलेली रक्कम काढायला तिनंच लावली. बँकेतल्या ठेवीला, मुद्दल आणि व्याज मिळून, प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. ते पूर्वी १ लाख होतं, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झालं. पतसंस्था ही बँक नव्हे, तिथल्या ठेवीला ते संरक्षण नाही. आरोग्य विम्याचं नूतनीकरण करताना तिनं खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी निवडली, आणि जुन्या पॉलिसीत झालेला प्रतीक्षा काळ नव्यात धरला जाईल हे लेखी घेतलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, हेही तिनंच हप्त्याच्या पावतीवर तपासून पाहिलं. मी नुसता बघत होतो. हे सगळं ती २००१ पासून करू शकली असती. माझ्या घरातला सगळ्यात जाणता एजंट मी चोवीस वर्षं सहीपुरता ठेवला.

वही मिटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सगळं सांगितलं. तंबाखूचा रकाना, कमिशन, जामीन, सगळं. मग देण्यांच्या पानावर हिशेब मांडला. पहिल्या वर्षीचे ३,७५०. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षीचे १,१२५ प्रमाणे २,२५०. पुढच्या चार वर्षांचे ७५० प्रमाणे ३ हजार. एकूण ९ हजार. एका मित्राच्या घरावरच्या छपराचे मला ९ हजार मिळाले होते. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "हे पैसे माझ्या नावावर आलेत. मीपण येते."

आम्ही दोघं वहिनींकडे गेलो. त्या डब्यांच्या पोळ्या लाटत होत्या, मुलाची बायको भाजीला फोडणी देत होती. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, नाहीतर बसल्यावर बोललो नसतो. जामिनाचं सांगितलं तेव्हा वहिनींनी लाटणं बाजूला ठेवलं.

"मला माहीत होतं, भावजी. पैसे भरायला सोसायटीत गेले त्या दिवशी कागदावर तुमची सही बघितली."

"मग कधी बोलला नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल."

यावर बोलण्यासारखं काही माझ्याकडे नव्हतं. चौदा वर्षं त्या मला संक्रांतीला तिळगूळ देत होत्या, माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी दोन दिवस राबून काम केलं, आणि या सगळ्या काळात त्या वाट बघत होत्या. मी ज्याला विसर समजत होतो तो त्यांचा संयम होता.

क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी मागितलीही नाही. ९ हजारांचं पाकीट त्यांनी घेतलं नाही. थोड्या वेळानं आत जाऊन त्या एक फाइल घेऊन आल्या. मुलाला बाळ झालंय, तो टर्म प्लॅन घेतोय, एजंटानं फॉर्म भरून सहीसाठी ठेवलाय. "बघा जरा," त्या म्हणाल्या. मग स्वयंपाकघराकडे वळून सुनेला हाक मारली, "तू ये. तुझ्यासाठी आहे ते, तुला कळलं पाहिजे."

मी वाचायला लागलो, यावेळी मोठ्यानं. विमा रक्कम कशी ठरवायची ते तिच्याच महिन्याच्या खर्चावरून करून दाखवलं. वर्कशॉपवर कर्ज आहे, म्हणून १८७४ च्या कायद्याखालचा फॉर्म जोडायला सांगितला. पॉलिसी हातात आल्यावर ती वाचून न पटल्यास परत करायला ३० दिवस असतात हे सांगितलं. कंपनीनं तक्रारीची दखल घेतली नाही तर पुण्यात आणि मुंबईत विमा लोकपालांकडे फुकट दाद मागता येते, हेही सांगितलं. वर्कशॉपमधल्या दोन पोरांना एवढा हप्ता परवडणार नाही, तर बँकेतून वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, तो त्यांना काढून दे, असं मुलाला सांगायला लावलं. आणि मग तो रकाना आला. तंबाखूपुढे एजंटानं 'नाही' लिहिलं होतं.

"खातो का तो?" मी विचारलं.

ती सासूकडे बघायला लागली. वहिनी काही बोलल्या नाहीत.

"खातात," ती म्हणाली. "'हो' लिहिलं तर हप्ता वाढेल ना?"

"वाढेल."

तिनं क्षणभर विचार केला. "वाढू दे. दुसरा फॉर्म मागवते, नवीन भरू."

आता रविवारी सकाळी आमच्याकडे कुणीही आपले विम्याचे आणि बचतीचे कागद घेऊन यावं, असं आम्ही सांगून ठेवलंय. विकायला आमच्याकडे काही नाही. कागद पत्नी वाचते, आकडेमोड मी करतो. अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं. एकटा आला तर चहा देऊन परत पाठवतो.

ही देण्याची फेड नाही, हे मला कळतं. वहिनींच्या मुलाचा डिप्लोमा त्यातून परत येत नाही. पत्नीनं वहीत दरमहा शिलकीचा हिशेब लिहायला सुरुवात केलीय. देण्यांच्या पानावर ९ हजारांच्या खाली मी मित्राचं नाव लिहिलंय आणि पुढे रक्कम लिहिलेली नाही. ती नोंद आम्ही खोडणार नाही.